कैरोची साक्ष

कैरो म्हटले की वाचकांच्या डोळ्यांपुढे पिरॅमिड उभे राहतात. पण त्या शहराच्या इतिहासातील एक पान साध्या मोबाईलवर लिहिले गेले आहे. २००८ साली नोहा रुश्दी या तरुणीने चालत्या मोटारीतून अंगाला हात घालणाऱ्या चालकाला पोलिसांपर्यंत नेले, आणि न्यायालयाने त्याला तीन वर्षांची कैद ठोठावली. पण इतके धैर्य किती जणींना साधावे? ‘तू बाहेर गेलीसच कशाला?’ हा प्रश्न काही आमच्याच माजघरातला नव्हे!

डिसेंबर २०१० मध्ये चार स्त्रियांनी तेथे ‘हॅरॅसमॅप’ सुरू केला. जिचा छळ झाला तिने घडले ते मोबाईलवरून कळवावे, नाव सांगू नये. शहराच्या नकाशावर त्या जागी ठिपका उमटे. ज्या यंत्रणेवर हे चाले ती २००८च्या आरंभी, केनियातील निवडणुकीनंतरच्या दंगलींत जन्मली होती. तिचे नाव ‘उशाहिदी’. स्वाहिलीत त्याचा अर्थ साक्ष. किती समर्पक!

नुसत्या ठिपक्यांना गुंड भीत नाहीत, हे त्या ओळखून होत्या. म्हणून त्यांचे स्वयंसेवक गल्लोगल्ली हिंडत. दाराशी बसलेल्या रखवालदाराला, कोपऱ्यावरच्या दुकानदाराला गाठून सांगत, की बाबांनो, पाहून मान फिरवू नका.