साहेबांचा शब्द आणि कायद्याचा शब्द : नोकरीवरील आचरणाबद्दल

सकाळी वाशिंद स्टेशनच्या फलाटावर उभे राहिले की आपल्या वस्त्यांमधली बरीच तरुण मंडळी एका जागी भेटतात. कोणी कल्याण-ठाण्याकडे चाललेला असतो, कोणी आसनगावला. मोटारसायकलवाले भिवंडीच्या गोदामांकडे नाहीतर मुरबाडच्या एमआयडीसीकडे निघालेले असतात. पगार, ओव्हरटाइम, पीएफ यांवर आपल्यात भरपूर बोलणे होते. कामावर काय करायचे आणि काय करायचे नाही यावर मात्र फारसे होत नाही. आमच्याकडे कागद घेऊन येणाऱ्यांची अडचण बऱ्याचदा तिथेच सुरू झालेली असते.

मागे गोदामात काम करणारा आपला एक मुलगा आला होता. सुपरवायझरने त्याला एका रजिस्टरवर दहा-बारा कामगारांच्या नावापुढे ‘सुरक्षा प्रशिक्षण दिले’ असे लिहून सही करायला सांगितले होते. प्रशिक्षण झालेच नव्हते. त्याने सही केली. पुढे एक कामगार रॅकवरून पडला आणि चौकशीत पहिला प्रश्न या सहीबद्दल आला. ‘साहेबांनी सांगितलं म्हणून केलं,’ एवढेच उत्तर त्याच्याकडे होते. साहेबांनी तसे सांगितल्याचा कागद कुठेच नव्हता.

कोणता आदेश पाळायचा

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य होते. त्याच काळात, एप्रिल १९४६ मध्ये, औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) अधिनियम झाला. त्याआधी कारखान्यातली शिस्त म्हणजे मालकाच्या मनात येईल ती शिस्त होती. या कायद्याने मालकाला सांगितले की नोकरीच्या अटी लेखी ठरव. हजेरी, रजा, कोणते वागणे गैरवर्तन आणि शिक्षा देण्याआधी काय करायचे, हे सगळे लिहून सरकारी अधिकाऱ्याकडून प्रमाणित करून घे आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत प्रवेशद्वाराजवळ लाव.

या कायद्याखालच्या नमुना स्थायी आदेशांत गैरवर्तनाची यादी आहे. तिच्यात वरिष्ठाचा आदेश जाणूनबुजून न पाळणे हे गैरवर्तन ठरवले आहे, पण कोणताही आदेश नव्हे. ‘कायदेशीर आणि वाजवी’ आदेश, असे शब्द तिथे आहेत. हे दोन शब्द प्रत्येक तरुण कामगाराने पाठ करावेत असे आम्हाला वाटते. पाळी बदलली, दुसऱ्या मशीनवर बसवले, मालाची मोजणी पुन्हा करायला लावली, हे आदेश आवडले नाहीत तरी पाळावे लागतात. खोट्या रजिस्टरवर सही करणे, मशीनची जाळी काढून काम चालवणे, हजर नसलेल्याची हजेरी लावणे, हे आदेश त्या शब्दांत बसत नाहीत. संडासाच्या टाकीत माणूस उतरवणे तर २०१३ च्या हाताने मैला उचलण्यास बंदी घालणाऱ्या कायद्याने गुन्हा आहे. संरक्षक साधनांशिवाय कोणालाही गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवता येत नाही. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

आणि बेकायदा आदेश पाळला तर? भारतीय न्याय संहितेत धमकीखाली केलेल्या गुन्ह्याला सूट आहे, पण ती तत्काळ जिवे मारले जाण्याची भीती असेल तरच. खुनासारख्या गुन्ह्याला तीही नाही. नोकरी जाईल ही भीती त्यात धरलेली नाही.

जुलै २०२५ मध्ये आपल्या शहापूरमध्येच हे दिसले. एका खासगी शाळेच्या स्वच्छतागृहात रक्ताचे डाग आढळल्यावर कोणाला मासिक पाळी आली आहे हे पाहण्यासाठी मुलींची कपडे उतरवून तपासणी केल्याचा आरोप झाला. पालक संतापले, पॉक्सो कायद्याखाली गुन्हा दाखल झाला आणि मुख्याध्यापिकेबरोबर शाळेतील महिला शिपायालाही अटक झाली. कोण किती दोषी हे न्यायालय ठरवेल. पण शाळेतल्या सर्वांत कमी पगाराच्या बाईलाही पोलीस ठाण्यात जावे लागले, ही गोष्ट शिपाई, आया, वॉर्डबॉय, सुरक्षारक्षक म्हणून काम करणाऱ्या आपल्या प्रत्येक घरात सांगण्यासारखी आहे.

नकार द्यायचा तो आवाज न चढवता. ‘सर, हे काम लेखी द्या, मग करतो,’ एवढे म्हटले तरी अनेकदा आदेश मागे घेतला जातो. घेतला नाही तर त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर किंवा ई-मेलने तारीख, वेळ आणि काय सांगितले ते सुपरवायझरलाच पाठवावे. शिव्या दिल्या किंवा गचांडी धरली, तर मूळ मुद्दा बाजूला राहतो आणि चार्जशीट तुमच्या गैरवर्तनाची निघते. असे झालेले आम्ही पाहिले आहे.

सरळांबे

३१ जुलै २०२३ ची रात्र उलटताना शहापूर तालुक्यात सरळांबे येथे समृद्धी महामार्गाच्या पुलाच्या कामावर गर्डर बसवणारे अवजड यंत्र कोसळले. २० माणसे मेली. त्यातले बहुतेक परराज्यातून पोटासाठी आलेले होते. अशा कामावर कामगाराला काय विचारता येते? कारखाने अधिनियमाने संरक्षक साधनांशी छेडछाड करणे हा कामगाराचाही गुन्हा ठरवला होता, आणि सुरक्षेची माहिती मागण्याचा हक्कही त्याला दिला होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही या दोन्ही बाजू आहेत. जिवाला तत्काळ धोका आहे असे वाजवी कारणाने वाटले, तर कामगार ते मालकाच्या आणि त्याच वेळी सरकारी निरीक्षकाच्या नजरेस आणू शकतो. हेल्मेट आणि पट्टा घालणे ही त्याची स्वतःची जबाबदारी आहे. ‘गरम होतं’ म्हणून हेल्मेट काढून ठेवणारा कामगार पुढे भरपाईच्या वेळी समोरच्याच्या हातात मुद्दा देतो.

आपले हात स्वच्छ हवेत

शृगाल नावाचा तरुण रोज सहा दिशांना नमस्कार करीत असे. तथागतांनी त्याला या दिशा म्हणजे माणसांची नाती आहेत असे सांगितले, ते सिगालोवाद सुत्त. खालची दिशा म्हणजे सेवक आणि कामगार. धन्याने कामगाराला त्याच्या शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारात सांभाळावे, चांगलेचुंगले वाटून द्यावे, वेळेवर सुट्टी द्यावी. आणि कामगाराने वेळेआधी यावे, दिलेले तेवढेच घ्यावे, काम नीट करावे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी धनी आणि सेवक यांच्या विनयाला स्वतंत्र जागा दिली आहे. दोन्ही बाजूंची कर्तव्ये तिथे शेजारीशेजारी आहेत, हे लक्षात घ्यावे. आपण मालकाची पाच कर्तव्ये सभेत मोठ्याने सांगतो आणि आपल्या वाट्याची हळू आवाजात.

‘दिलेले तेवढेच घ्यावे’ म्हणजे पंचशीलातले दुसरे शील. गोदामातून एक इअरफोन खिशात घालणे, डिझेल काढणे, मित्राचे कार्ड पंच करणे, मेडिकलचे खोटे बिल लावणे, हे कायद्याच्या भाषेत चोरी, फसवणूक किंवा अप्रामाणिकपणा होते. अशा गैरवर्तनाला बडतर्फीची शिक्षा न्यायालयातही सहसा टिकते, रक्कम लहान असली तरी. रजा न घेता सलग दहा दिवसांहून अधिक गैरहजर राहणे हेही यादीत आहे. ६ डिसेंबरला चैत्यभूमीला किंवा १४ एप्रिलच्या तयारीला जायचे असेल तर रजा लेखी मागावी, अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. कार्यकर्ता आहे म्हणून कोणी गैरहजेरी माफ करीत नाही. उलट संघटना करणाऱ्याची हजेरी आधी तपासली जाते.

चार्जशीट आली तर

आधी कारणे दाखवा नोटीस येते. ती घ्यायला नकार देऊ नये. घ्यावी, सहीखाली तारीख घालावी आणि दिलेल्या मुदतीत उत्तर द्यावे. ज्या कागदपत्रांवर आरोप आधारला आहे त्यांच्या प्रती मागाव्यात. चौकशीत साक्षीदाराला उलट प्रश्न विचारण्याचा आणि आपल्या बाजूचे साक्षीदार आणण्याचा हक्क असतो, सोबत सहकारी कामगाराला किंवा युनियनच्या प्रतिनिधीला बसवता येते. चौकशीच्या काळात निलंबित केले तर पहिले ९० दिवस वेतनाच्या ५० टक्के आणि त्यानंतर, उशीर कामगारामुळे नसेल तर, ७५ टक्के निर्वाह भत्ता मिळतो. कोऱ्या कागदावर सही करू नये. ‘राजीनामा दे, नाहीतर पोलीस केस करतो’ असे म्हणणाऱ्यासमोर तर मुळीच नाही. राजीनामा एकदा लिहून दिला की तो दबावाखाली घेतला हे सिद्ध करणे फार कठीण जाते.

एक गोष्ट कडू आहे. १९४६ चा कायदा १०० कामगारांच्या आस्थापनांसाठी होता आणि महाराष्ट्रात ती मर्यादा ५० केली होती. नव्या औद्योगिक संबंध संहितेने ती ३०० वर नेली. आपल्या पट्ट्यातल्या लहान कारखान्यांतल्या आणि ठेकेदारांकडच्या मुलांवरून स्थायी आदेशांचे छत्र त्यामुळे निघून जाते. त्यांच्यासाठी नियुक्तिपत्र हाच मोठा आधार आहे. नव्या संहितेने ते देणे मालकावर बंधनकारक केले आहे. पहिल्या महिन्यातच मागावे, आणि पीएफचा यूएएन क्रमांक घेऊन रक्कम खरोखर जमा होते का ते मोबाइलवर पाहावे.

छळ आणि अपमान

कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ रोखणाऱ्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती हवी, तिची अध्यक्ष महिला हवी. त्याहून लहान ठिकाणी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. तक्रार तीन महिन्यांत करायची, कारण योग्य असेल तर आणखी तीन महिने वाढवून मिळू शकतात. ठेक्यावरची, शिकाऊ आणि रोजंदारीवरची महिलाही तक्रार करू शकते. कार्यकर्त्यांना येथे एक विनंती: ‘न्याय मिळालाच पाहिजे’ म्हणून तक्रारदार ताईचे नाव आणि फोटो ग्रुपवर टाकू नका. तिची ओळख उघड करायला या कायद्यानेच मनाई केली आहे.

जातीवरून अपमान झाला तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. अपमान लोकांच्या नजरेसमोर झालेला असावा लागतो. चार भिंतींआड, बाहेरचे कोणी हजर नसताना झालेला अपमान त्या कलमात बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हितेश वर्मा प्रकरणात म्हटले. म्हणून तिथे कोण कोण उभे होते ती नावे लगेच लिहून ठेवावीत. आणि हे शस्त्र सुपरवायझरशी झालेल्या साध्या भांडणात काढू नये. एक खोटी तक्रार पुढच्या दहा खऱ्या तक्रारींना जड जाते.

सरकारी सेवेतल्या भावाबहिणींसाठी थोडक्यात. लाच घेणे गुन्हा होताच, २०१८ च्या दुरुस्तीनंतर देणाराही दोषी धरला जातो. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत कळवावे. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४ आहे. १९७९ च्या वर्तणूक नियमांप्रमाणे राज्य कर्मचाऱ्याला राजकीय पक्षात राहता येत नाही. मानधन न घेता केलेल्या समाजकार्याला मात्र, नोकरीच्या कामात अडथळा येत नसेल तर, नियम आड येत नाहीत. मोर्चात अटक होऊन कोठडी ४८ तासांपेक्षा जास्त झाली तर कर्मचारी आपोआप निलंबित मानला जातो.

आपणच मुकादम असलो तर

शहापूर, मुरबाड, भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर कातकरी कुटुंबे उचल घेऊन येतात. त्यांच्यावर नजर ठेवणारा, हिशेब लिहिणारा कधीकधी आपल्यातलाच मुलगा असतो. उचल फिटेपर्यंत कुटुंबाला भट्टीवरून जाऊ न देणे ही वेठबिगारी आहे. १९७६ च्या कायद्याने ते कर्ज रद्द ठरते, वेठबिगार ठेवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि त्यात मदत करणाऱ्यालाही तीच शिक्षा. या पट्ट्यात श्रमजीवी संघटनेने वर्षानुवर्षे हीच कुटुंबे सोडवली आहेत. ‘मी फक्त वही लिहीत होतो’ हे उत्तर गोदामातल्या त्या मुलाच्या उत्तरासारखेच आहे, फक्त येथे अडकलेला माणूस आपल्यापेक्षाही गरीब आहे.

यापैकी कशातही सापडलात तर वकिलाच्या फीला घाबरून घरी बसू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, महिला आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. बौद्धांना १९९० च्या दुरुस्तीपासून अनुसूचित जातीचा दर्जा आहे, म्हणून जातीचा दाखला जवळ असावा. तालुक्याच्या न्यायालयातील विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो, किंवा १५१०० वर फोन. जाताना नियुक्तिपत्र, पगाराच्या पावत्या, नोटिसा आणि मोबाइलवरच्या मेसेजच्या छापील प्रती एका फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावून न्याव्यात.