मद्य मुरतें कशानें?

एकाच भट्टींत, केवळ मोड आणलेल्या सातूपासून गाळलेल्या स्कॉच व्हिस्कीची चव पारखणारे रसिक झऱ्याचें पाणी आणि ओकचें पिंप यांची महती गातात. कायद्याचें नांव कोणी घेत नाहीं. १८२३ पूर्वीं जबर करापायीं स्कॉटलंडांतील ग्लेनलिव्हेटच्या खोऱ्यांत मद्य बहुधा चोरूनच गाळलें जाई. त्या वर्षींच्या कायद्यानें कर उतरला. १८२४ सालीं जॉर्ज स्मिथनें परवाना काढला. चोरट्या शेजाऱ्यांनीं भट्टी जाळण्याची धमकी दिली, तेव्हां तो पिस्तुलांची जोडी जवळ बाळगूं लागला. आमच्या मतें त्या चवीचें एक मूळ येथें आहे. चोराला माल झटपट खपवावा लागतो. आजचा कायदा तर पिंपांत निदान तीन वर्षें मुरणें आवश्यक मानतो. निर्भयतेवांचून एवढा धीर कोठून येणार?