हे काम कुणाचं? मुंबईचं की दिल्लीचं?

गटाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो. "सरकारनं हे करायला पाहिजे," असं कुणीतरी म्हणतं आणि लगेच दुसरी विचारते, "सरकार म्हणजे नक्की कोण?" आज आम्ही त्याच प्रश्नावर बोलणार आहोत. विषय नागरिकशास्त्राचा आहे, पण पुस्तकातून सांगणार नाही. आपल्याच आया-सासवांनी खडी फोडून जो इतिहास घडवला, त्यातून सांगणार आहोत.

आधी कुर्डुवाडीतच एक चक्कर मारू. आपलं स्टेशन, रूळ, गाड्यांच्या वेळा हा सगळा कारभार दिल्लीचा, म्हणजे केंद्र सरकारचा. एके काळी या स्टेशनाचं नाव बार्शी रोड होतं. १८९७ साली इथून बार्शीला जाणारी छोटी रेल्वे सुरू झाली, ती खासगी कंपनीची होती. १९५४ मध्ये ती सरकारनं घेतली आणि केंद्राच्या रेल्वेत सामील झाली. स्टेशनाच्या आवाराबाहेर पडलं की मालक बदलतो. पोलीस चौकी राज्याची. सातबारा देणारा तलाठी राज्याचा. गल्लीतली गटार, नळ, कचरा नगरपरिषदेचा. शंभर पावलांत तीन सरकारं भेटतात.

ही वाटणी राज्यघटनेनं केलेली आहे. घटनेच्या सातव्या परिशिष्टात तीन याद्या आहेत. पहिली केंद्राची यादी : संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, रेल्वे, चलन, बँका. दुसरी राज्याची : पोलीस, शेती, जमीन, आरोग्य, सहकारी संस्था, सावकारी. तिसरी सामायिक, म्हणजे समवर्ती यादी. तिच्यातल्या विषयांवर दोघांनाही कायदा करता येतो. शिक्षण, जंगल, लग्न-वारसा आणि रोजगार हे विषय तिथे आहेत. सामायिक विषयात दोन कायद्यांचं भांडण झालं, तर सहसा केंद्राचा कायदा वरचढ ठरतो. आणि कुठल्याच यादीत नसलेला विषय निघाला, तर तो केंद्राचा.

आपल्याला हे समजायला अवघड नाही. आपला गट असतो, गटांचा मिळून संघ असतो. गटात कुणाला कर्ज द्यायचं ते गट ठरवतो, संघ त्यात पडत नाही. संघाची कामं संघाची. कुणाचं काय ते नियमावलीत लिहिलेलं असतं. देशाची नियमावली म्हणजे राज्यघटना. फरक एवढाच, की राज्याचे अधिकार दिल्लीनं मेहेरबानीनं दिलेले नाहीत. दोघांनाही ते घटनेनंच दिलेत. या वाटणीला हात लावणारी दुरुस्ती करायची, तर संसदेची मंजुरी पुरत नाही. निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांचाही होकार लागतो. संघराज्य म्हणतात ते हेच.

आता हे सगळं प्रत्यक्षात कसं चालतं, ते बहात्तरच्या दुष्काळापासून बघू.

१९७२ चा दुष्काळ आपल्या जिल्ह्यानं सोसलेला आहे. विहिरी आटल्या, जनावरं विकली, खायला लाल मिलो आणि सुकडी. गावोगाव दुष्काळी कामं निघाली. खडी फोडणं, रस्ते, नालाबांध, पाझर तलाव. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात अशा कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती आणि त्यांत बायका फार मोठ्या संख्येनं होत्या. पाटी डोक्यावर, पोर झाडाखाली झोळीत, अशी ती पिढी. आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, हजेरी घेणाऱ्या मुकादमाचा आवाजसुद्धा त्यांना आठवत असेल.

दुष्काळी काम ही मदत होती. पाऊस पडला की काम बंद आणि पुन्हा सरकारच्या मर्जीवर. वि. स. पागे यांचं म्हणणं वेगळं होतं. सांगली जिल्ह्यातले हे गृहस्थ १९६० पासून १९७८ पर्यंत विधान परिषदेचे सभापती होते. अंगमेहनतीचं काम मागणाऱ्या खेड्यातल्या प्रत्येक माणसाला काम मिळालंच पाहिजे, तो त्याचा हक्क असावा, असं त्यांनी मांडलं. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना योजना सुरू झाली. तीच आपली रोजगार हमी.

पण योजना आणि कायदा यांत फरक आहे, मैत्रिणींनो. योजना सरकार काढतं आणि सरकारच बंद करू शकतं. कायदा विधिमंडळ करतं. तो मोडायचा तर पुन्हा विधिमंडळातच जावं लागतं, सगळ्यांसमोर बोलावं लागतं. म्हणून रोजगार हमीचा कायदा होणं महत्त्वाचं होतं. तो १९७७ साली झाला.

आपलं विधिमंडळ दोन सभागृहांचं आहे. विधानसभेत २८८ आमदार, ते आपण थेट मत देऊन निवडतो. विधान परिषदेत ७८ आमदार. त्यांतले काही विधानसभेचे सदस्य निवडतात, काही नगरपरिषदा आणि जिल्हा परिषदांचे सदस्य, काही शिक्षक, काही पदवीधर आणि काहींना राज्यपाल नेमतात. कायद्याचा मसुदा म्हणजे विधेयक. ते आधी सभागृहात मांडतात. मग त्यावर चर्चा होते, एकेक कलम वाचून दुरुस्त्या सुचवतात, शेवटी मतदान होतं. एका सभागृहात मंजूर झालं की दुसऱ्यात जातं. दोन्हीकडून मंजूर झालं की राज्यपालांची सही आणि मग कायदा. विधान परिषद साधं विधेयक काही काळ अडवू शकते, कायमचं नाही. शेवटचा शब्द आपण निवडलेल्या विधानसभेचा.

रोजगार हमीचं विधेयक दोन्ही सभागृहांत एकमतानं मंजूर झालं. विरोधी पक्षांनीही हात वर केले. पण गोष्ट मुंबईत संपली नाही. रोजगार हा सामायिक यादीतला विषय, म्हणून विधेयक राष्ट्रपतींच्या संमतीसाठी दिल्लीला गेलं. ती १९७८ मध्ये मिळाली आणि २६ जानेवारी १९७९ पासून कायदा लागू झाला. राज्यानं विचार करायचा, राज्यानं मंजूर करायचं आणि केंद्रानं त्याला वाट करून द्यायची, हा संघराज्याचा व्यवहार तेव्हा नीट झाला.

पैसा कुठून आला, हेही बघण्यासारखं आहे. घटनेनं राज्याला व्यवसायावर कर घेण्याचा अधिकार दिलेला आहे. तो वापरून महाराष्ट्रानं १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला. शहरात पगार घेणाऱ्याच्या पगारातून थोडे पैसे कापले जायचे आणि ते रोजगार हमीच्या निधीत जायचे. आणखीही काही कर होते. त्यांतून जितकी रक्कम जमेल तितकीच भर राज्य सरकारनं आपल्याकडून घालायची, असं ठरलं. मुंबईच्या गिरणीत आणि कचेरीत राबणाऱ्याच्या पगारातून माढा, करमाळा, सांगोल्याच्या माळावरच्या मजुरीला हातभार लागला.

या कायद्यानं बायकांना जे दिलं, ते विसरून चालणार नाही. मजुरी कामाच्या मापावर, त्यामुळे तितक्याच कामाला बाईला कमी आणि गड्याला जास्त, असा दर नव्हता. कामावर पाळणाघर, सावली, पिण्याचं पाणी यांची तरतूद होती. सगळीकडे ती पाळली गेली असं नाही. मजुरी महिनोन् महिने रखडायची, हजेरीपटावर खोटी नावं चढायची. पण तरतूद कायद्यात लिहिलेली असल्यामुळे मोर्चा काढता यायचा, सभागृहात विचारता यायचं. विधिमंडळाचं दुसरं मोठं काम हेच : सरकारला जाब विचारणं. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना ही त्याची हत्यारं. कामांची तपासणी करायला विधिमंडळाची स्वतंत्र रोजगार हमी योजना समिती आहे. आपल्या शेजारच्या सांगोल्याचे गणपतराव देशमुख ११ वेळा आमदार झाले आणि त्यांचा बहुतेक काळ विरोधी बाकांवर गेला. विरोधात बसूनही आमदार काम करतो, ते असं.

महाराष्ट्राचा हा प्रयोग पंचवीसेक वर्षं देशानं पाहिला. मग दिल्लीत हालचाल झाली. डिसेंबर २००४ मध्ये लोकसभेत ग्रामीण रोजगार हमीचं विधेयक मांडलं गेलं. पहिल्या मसुद्यात हमी फक्त गरीब ठरवलेल्या कुटुंबांना होती. विधेयक संसदेच्या स्थायी समितीकडे गेलं, बाहेर संघटनांनी आवाज उठवला आणि ही अट गळून पडली. काम मागेल त्या प्रत्येक ग्रामीण कुटुंबाला वर्षाला १०० दिवस, असं ठरलं. ऑगस्ट २००५ मध्ये लोकसभा आणि राज्यसभा दोन्हींनी ते मंजूर केलं. निदान एकतृतीयांश काम बायकांना मिळावं, असंही त्यात लिहिलं गेलं.

आता दोन कायदे झाले, एक राज्याचा, एक केंद्राचा. मग कुठला खरा? संसदेनं कायद्यातच वाट ठेवली होती. ज्या राज्यात आधीपासून असा कायदा आहे आणि तो केंद्राच्या कायद्यापेक्षा कमी देत नाही, त्या राज्यानं आपलाच कायदा चालवावा. महाराष्ट्रानं २००६ मध्ये आपल्या कायद्यात दुरुस्ती केली आणि तोच पुढे चालवला. खर्चही वाटून घेतला गेला. मजुरीचे पैसे केंद्राचे. सामानाच्या खर्चात तीन हिस्से केंद्राचे, एक राज्याचा. आणि मागूनही काम दिलं नाही, तर बेकारी भत्ता राज्यानं द्यायचा, कारण काम काढणं ही राज्याची जबाबदारी. ज्याच्या हातात काम त्याच्याच खिशाला चाट, असा तो हिशेब. संसदेनं केलेला कायदा संसद बदलू शकते, बदलतेही. म्हणून हे आकडे कायमचे समजू नका. पण कोण किती देतो आणि कोण जबाबदार, हा प्रश्न दर वेळी विचारायचाच.

संसदेत लोकसभेचे ५४३ खासदार, त्यांत महाराष्ट्राचे ४८. आपला मतदारसंघ माढा. राज्यसभेत राज्यांचे प्रतिनिधी बसतात, त्यांना आमदार निवडतात. महाराष्ट्राचे १९ आहेत. म्हणजे आपण आमदार निवडतो तेव्हा राज्यसभेतही आपला आडून हात असतो.

हे सगळं कळून फायदा काय? दार चुकत नाही. गाडीचा थांबा हवा असेल, तर निवेदन खासदाराकडे आणि रेल्वेकडे. बेकायदा सावकार छळत असेल, तर तो विषय राज्याचा. २०१४ च्या सावकारी कायद्याखाली तक्रार जिल्हा उपनिबंधक किंवा सहायक निबंधकांकडे. पण मायक्रोफायनान्स कंपनीचा माणूस रात्री-अपरात्री दारात उभा राहून दम देत असेल, तर कंपनीकडे लेखी तक्रार, तिथे ऐकलं नाही तर रिझर्व्ह बँकेकडे. आणि धमकीची तक्रार पोलिसात. एकाच कर्जाची दोन दारं. नळाला पाणी नसेल, तर खासदाराला फोन करून काय होणार? नगरसेविकेला गाठायचं.

आणि कधी दोन सरकारं एका टेबलावरही बसतात. जीएसटी परिषदेत केंद्राच्या मताचं वजन एकतृतीयांश आणि सगळ्या राज्यांचं मिळून दोनतृतीयांश असतं. सॅनिटरी पॅडवर १२ टक्के कर होता. देशभरातल्या बायकांनी आरडाओरडा केल्यावर जुलै २०१८ मध्ये याच परिषदेनं तो काढून टाकला.

राहिला प्रश्न त्या सभागृहांत आपण किती आहोत याचा. १९९३ मध्ये ७३वी आणि ७४वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि पंचायती-नगरपरिषदांत बायकांना एकतृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्रानं २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. २०२३ मध्ये संसदेनं लोकसभा आणि विधानसभांतही एकतृतीयांश जागा ठेवण्याची घटनादुरुस्ती मंजूर केली, पण ती जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेनंतर लागू होणार, असं त्यातच लिहिलेलं आहे. राज्यसभा आणि विधान परिषद त्यात नाहीत.

ज्या बायकांनी बहात्तर साली खडी फोडली, त्यांच्या घामाचा कायदा झाला तेव्हा सभागृहात त्यांच्यासारख्या फारशा कुणी नव्हत्या. पुढचे कायदे आपल्यावाचून होऊ नयेत. गटाच्या येत्या बैठकीत एक काम करा. गावातल्या पाच अडचणी कागदावर लिहा आणि प्रत्येकीपुढे लिहा : नगरपरिषद की ग्रामपंचायत, मुंबई की दिल्ली. मग त्याच दारात सगळ्या मिळून जा. आम्ही सोबत येऊच.