‘शॅल’ या इंग्रजी क्रियापदाचा अर्थविकास

इंग्रजीतील ‘शॅल’ हे आज केवळ साहाय्यक म्हणून उरलेले क्रियापद मूळचे स्वतंत्र असून त्याचा अर्थ ‘देणे लागणे’ असा होता. एखाद्याच्या शिरावर अमुक इतक्या द्रव्याचे ऋण आहे, हे सांगण्यास प्राचीन इंग्रजीत हेच क्रियापद योजीत. ऋण व अपराध या दोहोंचा वाचक असलेला जर्मन शब्द ‘शुल्ड’ याच कुळातला होय. ऋण फेडावेच लागते. या वाटेने ऋणाचे कर्तव्य झाले आणि कर्तव्यातून भविष्यकाळ निष्पन्न झाला. चौदाव्या शतकाच्या अखेरीस विक्लिफच्या अनुयायांनी बायबलचे भाषांतर केले, तेव्हा लॅटिन भविष्यरूपांसाठी त्यांनी प्रायः ‘शॅल’च वापरले.

मूळचे इच्छावाचक ‘विल’ याच क्षेत्रात प्रतिस्पर्धी म्हणून उतरले होते. १६५३ मध्ये जॉन वॉलिस याने आपल्या लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात दोहोंची वाटणी केली : निव्वळ भविष्य सांगताना प्रथम पुरुषी ‘शॅल’, इतरत्र ‘विल’, उलट योजना केल्यास निश्चय, वचन वा आज्ञा. रेन व मार्टिन यांच्या व्याकरणातून हाच नियम महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी मुखोद्गत केला. वस्तुतः तो व्यवहाराला कधीच पुरता लागू नव्हता. चार्ल्स फ्राइज याने १९२५ मध्ये इंग्रजी नाटकांतील प्रयोग मोजून हे दाखवून दिले.

बोलण्यातून ओसरलेले हे क्रियापद कायद्यात मात्र ठाण मांडून बसले, आणि तेथे त्याची संदिग्धता केवळ वैयाकरणांच्या कुतूहलाचा विषय राहिली नाही. भारतीय संविधानाच्या पहिल्या अनुच्छेदातील ‘शॅल’ आज्ञा करीत नाही. भारत हा राज्यांचा संघ आहे, अशी घोषणा करते. अनुच्छेद ३२० (३) मध्ये तेच क्रियापद शासकीय सेवकावरील शिस्तभंगाच्या बाबतीत लोकसेवा आयोगाचा विचार घेण्यास सांगते. तो न घेतल्यास शिक्षा रद्द ठरते काय? उत्तर प्रदेश राज्य विरुद्ध मनबोधनलाल श्रीवास्तव या खटल्यात १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नकारार्थी निर्णय दिला : येथील ‘शॅल’ निर्देशात्मक आहे, अनिवार्य नव्हे. ज्या शब्दात एके काळी फेडावेच लागणारे ऋण सामावले होते, त्याच्या आधारे सेवकाला मात्र काहीच वसूल करता आले नाही.

दक्षिण आफ्रिकेच्या १९९६ च्या संविधानात बंधनकारक तरतुदींसाठी ‘मस्ट’ हे क्रियापद योजिले आहे. अमेरिकेच्या संघीय दिवाणी प्रक्रियेच्या नियमांतूनही २००७ मध्ये ‘शॅल’ वगळण्यात आले. भारतीय संविधानात ते कायम आहे.