मर्सेनचे विधान आणि एक एकवीस अंकी संख्या (१६४४ ते १९०३)

गणितासारख्या सिद्धतानिष्ठ शास्त्रातही एखादे विधान केवळ विधानकर्त्याच्या लौकिकावर दीर्घकाळ टिकून राहू शकते. १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ या संख्येचा इतिहास याची साक्ष देतो. २ च्या ६७ व्या घातातून १ वजा केला असता ही संख्या मिळते.

अशा संख्यांचे महत्त्व युक्लिडपासूनचे आहे. २ च्या एखाद्या घातातून १ वजा करून मूळ संख्या मिळाली, तर तिच्यापासून परिपूर्ण संख्या तयार होते, उदा. ७ पासून २८. मारँ मर्सेन या फ्रेंच ख्रिस्ती साधूने १६४४ मध्ये असे प्रतिपादन केले, की २५७ पर्यंतच्या घातांकांपैकी केवळ अकरा घातांक मूळ संख्या देतात. त्यांत ६७ हा एक होता. सिद्धता दिलेली नव्हती. पुढे ६७ हा ६१ चा मुद्रणदोष असावा, असाही तर्क केला गेला. मात्र यादीतील २५७ ची चूक त्याने उलगडत नाही.

१८७६ मध्ये एदुआर ल्युका याने ही संख्या मूळ नसल्याचे दाखविले. त्याची पद्धत विलक्षण होती. विशिष्ट क्रमिकेतील एक पद या संख्येने निःशेष भागले जात नाही, एवढ्यावरून ती संयुक्त ठरत होती. तिचा एकही विभाजक त्यासाठी ठाऊक असावा लागत नव्हता. विभाजक आहेत हे निश्चित, पण ते कोणते हे अज्ञात, अशी ही स्थिती सत्तावीस वर्षे राहिली.

३१ ऑक्टोबर १९०३ रोजी अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या न्यूयॉर्क येथील सभेत फ्रँक नेल्सन कोल यांनी ते विभाजक मांडले : १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. कोल यांनी एकही शब्द न उच्चारता फळ्यावर गुणाकार केला आणि या कामी तीन वर्षांचे रविवार खर्ची पडले, ही आख्यायिका सर्वश्रुत आहे. तथापि ती ई. टी. बेल यांच्या १९५१ च्या ग्रंथातून, म्हणजे ४८ वर्षांनी, प्रसृत झाली. तिचा नाट्यमय भाग सावधपणेच स्वीकारला पाहिजे. शिवाय तीत मुख्य गोष्ट झाकली जाते. गुणाकार पडताळणे शालेय विद्यार्थ्यालाही शक्य आहे. अवघड होता तो शोध. या संख्येच्या कोणत्याही विभाजकाला १३४ ने भागल्यास बाकी १ आणि ८ ने भागल्यास बाकी १ किंवा ७ उरलीच पाहिजे. ही चाळणी लावूनही लहान विभाजकापर्यंत सुमारे सव्वासात लाख संख्या शिल्लक राहतात. त्यांतून मूळ संख्याच निवडल्या, तरी हाताने करावयाचे भागाकार प्रचंडच राहतात. कोल यांनी त्याऐवजी वर्गसंख्यांच्या बाक्यांचा आधार घेऊन शोधाचे क्षेत्र संकुचित केले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सोसायटीच्या बुलेटिनमध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निबंध मोठ्या संख्यांच्या अवयवीकरणाचा, म्हणजे पद्धतीचा आहे. इतिहासकाराने प्रमाण मानावा तो हा निबंध.

मर्सेनच्या मर्यादेतील सर्व घातांकांची तपासणी १९४७ पर्यंत पूर्ण झाली. ६७ व २५७ वगळले गेले आणि त्याच्या नजरेतून सुटलेले ६१, ८९ व १०७ समाविष्ट होऊन अकराचे बारा झाले.