भरड मासे

परवा फ्रिज उघडल्यावर आमच्या घरात जी किंकाळी उठली, तिची मुळं थेट १८७८ सालच्या एका कायद्यात आहेत, हे मी बायकोला समजावून सांगायचा प्रयत्न केला. तिने ऐकून घेतलं नाही. म्हणून इथे लिहितोय.

झालं असं, की श्रीखंडाच्या डब्याशेजारी मी तसाच दिसणारा एक डबा ठेवला होता. त्यात एक पाइंट अळ्या होत्या. जिवंत. (हो, इंग्लंडात अळ्या पाइंटवरच विकतात, बिअरसारख्या.) फ्रिजमध्ये ठेवल्या नाहीत तर दोन दिवसांत त्यांचे कोष होतात आणि मग माश्या. आणि तारीख होती १५ जून. दुसऱ्या दिवशी, १६ जूनला, तीन महिने बंद असलेल्या नद्या मासेमारीला खुल्या होणार होत्या. अशा वेळी माणसाने अळ्या ठेवायच्या तरी कुठे?

जुन्या वाचकांना माहीत आहे, की मी नॉटिंगहॅमजवळ ट्रेंट नदीच्या काठी राहतो आणि रविवारी गळ टाकून बसतो. इथे या छंदाला 'कोर्स फिशिंग' म्हणतात. नवीन होतो तेव्हा मला वाटलं, याचा काही अभ्यासक्रम वगैरे असेल. तो कोर्स नव्हे! इथे कोर्स म्हणजे जाडंभरडं. इंग्रजांनी गोड्या पाण्यातल्या माशांचे दोन वर्ग केलेत. सामन आणि ट्राउट हे 'गेम', म्हणजे खानदानी. बाकी रोच, ब्रीम, टेंच, चब, पर्च, कार्प, बार्बल, पाईक ही सगळी मंडळी 'कोर्स'. आपल्याकडे तांदूळ-गहू एका बाजूला आणि ज्वारी-बाजरी-नाचणी 'भरडधान्य' म्हणून दुसऱ्या बाजूला, तसाच हा प्रकार. मी ज्वारीच्या मुलखातला माणूस, त्यामुळे कुठल्या पंगतीत बसायचं हे मला लगेच कळलं.

ही पंगत आली कुठून, हे शोधत गेलो तेव्हा फार मजेशीर गोष्टी हाती लागल्या.

गळाच्या मासेमारीवरचं इंग्रजीतलं पहिलं छापील पुस्तक १४९६ सालचं. विंकिन डी वर्ड नावाच्या मुद्रकाने ते छापलं आणि परंपरेने ते डेम ज्युलियाना बर्नर्स या मठाधिकारी बाईंच्या नावावर आहे. (अशी बाई खरंच होती का, यावर विद्वानांचं भांडण आहे. त्यात आपण पडू नये.) कुठल्या माशाला घोड्याच्या शेपटीचे किती केस वळून दोरी करायची याचा त्यात हिशेब आहे. चिमुकल्या मिनोला एक केस, सामनला पंधरा. पण मला आवडलं ते शेवटी दिलेलं स्पष्टीकरण. ही माहिती स्वतंत्र छोट्या पुस्तिकेत न छापता शिकारीबिकारीच्या मोठ्या ग्रंथात का घातली? तर स्वस्त पुस्तिका कुणाही रिकामटेकड्याच्या हाती पडेल आणि तो नदीची वाट लावेल! म्हणजे पहिल्याच पुस्तकात दारावर पहारेकरी.

आपणही काही कमी नाही हो. त्याच्या साडेतीनशेहून अधिक वर्षं आधी, ११२९ च्या सुमारास, कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराने 'मानसोल्लास' लिहिला. मराठीच्या जुन्या खुणा शोधणाऱ्यांना हा संस्कृत ग्रंथ ठाऊक असतो. त्यात 'मत्स्यविनोद' म्हणून प्रकरण आहे. कुठले मासे, कुणाला काय खाऊ घालायचं, दोरी कशी, काठी कशी, सगळं त्यात आहे. सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञाने १९५१ साली त्यावर लेख लिहून जगाचं लक्ष वेधलं. पण हाही राजाचा विनोद. तिकडे मठाधिकारी, इकडे महाराज. गांडूळ टोचणाऱ्या सामान्य माणसाचं नाव दोन्हीकडे नाही.

तो सामान्य माणूस दिसायला लागतो आयझॅक वॉल्टनपासून. याचं पुस्तक १६५३ चं. चार वर्षांपूर्वी राजाचं मुंडकं उडालेलं, देशात यादवी होऊन गेलेली, आणि हा लंडनचा कापडवाला राजनिष्ठ गृहस्थ नदीकाठी बसून चब कसा शिजवावा ते सांगतोय. आमिषासाठी जिवंत बेडूक गळाला शिवताना त्याला प्रेमाने वागवा असाही त्याचा सल्ला आहे. बेडकाचं मत कुणी विचारलं नाही. कवी बायरनला मात्र या ढोंगाचा भयंकर राग आला आणि याच्याच घशात गळ अडकवायला हवा, अशा अर्थाचं त्याने लिहून ठेवलं.

पण खरी भरड गर्दी नदीवर आली ती एकोणिसाव्या शतकात, रेल्वे आणि शनिवारच्या अर्ध्या सुट्टीबरोबर. शेफील्डमध्ये सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारे कामगार दिवसभर दगडाची धूळ छातीत घेत. त्यांचे पबापबांतून गळवाल्यांचे क्लब निघाले. भल्या पहाटे खास गाड्या भरून ही माणसं लिंकनशरच्या विदम नदीवर जायची. काठावर हारीने बसायचं, वजन करायचं, ज्याचं जास्त त्याला बक्षीस. चांगल्या सामन-ट्राउटच्या नद्या जमीनदारांकडे होत्या, त्यामुळे यांच्या वाट्याला भरड मासेच.

आणि गंमत बघा. या भरड माशांना विणीच्या हंगामात संरक्षण द्या अशी मागणी पुढे रेटली ती याच लोकांनी. शेफील्डचे खासदार मंडेला (आफ्रिकेचे नव्हेत, ए. जे. मंडेला) यांनी संसदेत विधेयक नेलं आणि १८७८ साली कायदा झाला. १५ मार्च ते १५ जून गळ बंद. रिकामटेकड्यांच्या हाती पुस्तक पडलं तर ते नदी संपवतील म्हणून ज्यांना चारशे वर्षांपूर्वी बाहेर ठेवलं होतं, त्यांनीच स्वतःवर कुलूप घालून घेतलं. पुढे १९९५ मध्ये बहुतेक तळ्यांवरची आणि २००० मध्ये बहुतेक कालव्यांवरची ही बंदी उठली. नद्यांवर ती अजून आहे. तर बायकोची किंकाळी ही अशी १८७८ ची.

आता आमिषाविषयी माझी ठाम मतं. गांडूळ हे सर्वश्रेष्ठ. फुकट मिळतं, स्वतःच वळवळतं आणि कुठल्याही माशाला त्याची ओळख करून द्यावी लागत नाही. त्याखालोखाल पाव. १९५२ च्या सप्टेंबरात रिचर्ड वॉकरने हेरफर्डशरमधल्या रेडमायर तळ्यात ४४ पौंडांचा, म्हणजे वीस किलोचा कार्प पकडला, तोसुद्धा पावावरच. तो मासा (मासोळी म्हणा, तिचं नाव क्लॅरिसा ठेवलं होतं) लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १९७१ पर्यंत सुखाने जगला. एवढं होऊनही लोक पावावर थांबले का? छे. सत्तरच्या दशकापासून 'बॉइली' आल्या. रवा, सोयाचं पीठ आणि अंडी मळून गोळ्या वळायच्या आणि उकळायच्या. थोडक्यात रव्याचे लाडू, फक्त वास स्ट्रॉबेरीचा नाहीतर कोळंबीचा. हल्ली मेथी, लसूण, करी पावडर घातलेल्याही मिळतात. दुकानात पहिल्यांदा हुंगल्या तेव्हा मला एकदम घरची आठवण झाली.

साहित्याबद्दल तर बोलायलाच नको. आमच्या नॉटिंगहॅमची जुनी लाकडी रिळं लेस विणण्याच्या यंत्रांतल्या बॉबिनची भावंडं मानतात. ब्रॅडफर्डच्या गिरणीमालक इलिंगवर्थने १९०५ साली ज्या रिळाचं पेटंट घेतलं, तेही गिरणीतल्या बॉबिनवरून सुचलेलं. बॉबिन जागची हलत नाही, सूत तिच्या टोकावरून सरसर निघतं, एवढीच युक्ती. आज आपल्या बाजारात जे चकचकीत रीळ टांगलेलं दिसतं ते त्याचंच पणतू. काठ्यांना एकेकाळी 'कलकत्ता' बांबू लागायचा. पाण्यावर तरंगायला मोराच्या पिसाची दांडी किंवा साळिंदराचा काटा. मग नायलॉन आलं, ज्याला आपण तंगूस म्हणतो. या सगळ्यात एक चूक मोठी झाली. दोरीला वजन म्हणून लावायच्या शिशाच्या बारीक गोळ्या काठावर सांडायच्या, हंस त्या खडे समजून गिळायचे आणि विषबाधेने मरायचे. १९८७ पासून त्यांच्या विक्रीवर बंदी आली आणि हंस पुन्हा वाढले. आता ते माझा पाव खातात. पण ती वेगळी तक्रार.

काठावरची माणसं म्हणाल तर तीन प्रकारची. "काही मिळालं का?" विचारणारे, "काल यायला हवं होतं" म्हणणारे, आणि कुत्रा. कुत्रा सगळ्यात प्रामाणिक, तो सरळ आमिष खातो.

हे सगळं आज आठवायचं कारण म्हणजे अण्णा. माझे वडील इथे एकदाच आले, २००९ च्या जुलैमध्ये. भीमेकाठचा माणूस, लहानपणापासून गळ टाकलेला. त्यांच्यासाठी एका दिवसाचा परवाना काढला, नदीवर नेलं. माझी सामानाची गाडी, खुर्ची, छत्री, दोन काठ्या, मासा लागला की वाजणारी घंटी हे सगळं बघून ते म्हणाले, "मुक्कामाला आलोय का?" त्यांनी घरून डबीत ज्वारीच्या पिठाची कणिक आणली होती, शेंगदाण्याचं कूट आणि लसूण घालून. माझ्या घंटीने दिवसभरात एकदाही तोंड उघडलं नाही. संध्याकाळी अण्णांची काठी वाकली.

दहा-बारा मिनिटं झटापट झाली आणि जाळीत बार्बल आला. लांबट, सोनेरी, ओठांना चार मिशा. अण्णा बघतच राहिले. म्हणाले, "अरे, हा तर आपला खडस!"

तेव्हा मी हसलो. नंतर वाचलं, की ते फार चुकले नव्हते. दख्खनच्या महसीर माशाचं, म्हणजे आपल्या खडसचं, शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्सने पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून केलं. १८३९ साली त्याला नाव देताना त्यानेही तो 'बार्बस' याच कुळात घातला होता. इंग्रजाला आपल्या नदीत त्याचा बार्बल दिसला, अण्णांना त्याच्या नदीत आपला खडस.

मी म्हटलं, "अण्णा, आता सोडायचा." झटापटीत बार्बल फार दमतो, नुसता टाकून चालत नाही. प्रवाहाच्या विरुद्ध दिशेला तोंड करून पाण्यात धरून ठेवावा लागतो, दम परत येईपर्यंत. अण्णा काठावर गुडघ्यांवर बसले आणि बराच वेळ तो मासा दोन्ही हातांनी धरून राहिले. मग त्याने एक झटका दिला आणि गेला.

गाडीत बसल्यावर त्यांनी विचारलं, "सोडायचाच हुता तर धरलास कशाला?"

मी त्यांना शेफील्डच्या कामगारांची गोष्ट सांगितली. नदी सगळ्यांची, एकेकाने एकेक नेला तर पुढच्या रविवारी काय धरणार, वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आमच्याकडचे खडस गेले. आम्हीच खाल्ले. पण भूक होती रे."

माझ्याकडे त्यावर उत्तर नव्हतं आणि अजूनही नाही. शेफील्डचा कामगार गरीब असला तरी त्याला शनिवारी पगार मिळत होता. मासा परत सोडायला आधी पोटात काहीतरी असावं लागतं, हे मला इतिहासाच्या पुस्तकांनी नाही, अण्णांनी सांगितलं. आणि खडस काही सगळे भुकेने गेले नाहीत. धरणं, कारखान्यांचं पाणी, जिलेटिनचे स्फोट यांचं पोट कधी भरतच नव्हतं. लोणावळ्याजवळ टाटांच्या वळवणच्या केंद्रात सत्तरच्या दशकापासून खडसची पिल्लं वाढवून ठिकठिकाणच्या पाण्यात सोडली गेली, हे अण्णांना सांगायचं माझं राहूनच गेलं.

असो. अण्णा आता नाहीत. पण दर १६ जूनला मी ज्वारीच्या पिठाचा एक गोळा सोबत नेतो. यंदाही नेला. काही लागलं नाही. शेजारचा म्हणाला, काल यायला हवं होतंस. काल बंदी होती, हे त्याच्या लक्षात आणून दिलं नाही.

(आत्या, तू हे वाचत असशील तर श्रीखंड टाकून दिलेलं नाही. डबा घट्ट बंद होता.)