काडतुसाचे वंगण : १८५७पूर्वीची एक तांत्रिक गोष्ट

१/ १८५७च्या उठावाचा विषय निघाला की गाय आणि डुकराची चरबी लावलेली काडतुसे हटकून आठवतात. शालेय पुस्तकापासून चित्रपटापर्यंत सर्वत्र ती येतात. परंतु मुळात गोळीला चरबी लावण्याची गरजच काय होती आणि चरबीवाचून काम भागले असते काय, हे दोन प्रश्न क्वचितच विचारले जातात. हा धागा त्या दोन प्रश्नांविषयी आहे.

२/ आरंभ बंदुकीच्या दारूपासून करू. सोरा, कोळसा आणि गंधक साधारणतः ७५, १५ आणि १० या प्रमाणात मिसळून ही काळी दारू बनते. ती जळते तेव्हा तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग वायू न होता घनरूपातच उरतो. काही धुराबरोबर बाहेर पडतो आणि उरलेला काजळीच्या रूपाने नळीच्या आत बसतो.

३/ या काजळीत पोटॅशियमचे क्षार असतात. ते हवेतील ओल शोषून घेतात आणि लोखंडाला गंज चढवतात. हवा कोरडी असेल तर तीच काजळी कवचासारखी कडक होते. ठासणीच्या बंदुकीत दारू आणि गोळी दोन्ही तोंडाकडून भरायची असल्यामुळे काही बार झाले की नळी अरुंद होते आणि पुढची गोळी गजाने कितीही ठासली तरी खाली उतरत नाही.

४/ कंपनीच्या शिपायाजवळची जुनी 'ब्राउन बेस' बंदूक या अडचणीतून एका सोप्या युक्तीने सुटली होती. तिच्या नळीचा व्यास सुमारे ०.७५ इंच आणि गोळीचा सुमारे ०.६९ इंच. मधे एवढी मोकळीक असल्यामुळे काजळी धरली तरी गोळी आत जाई. वंगणाची गरज नव्हती. मात्र अशी सैल गोळी शंभर यार्डांपलीकडे नेमकी कोठे जाईल याचा भरवसा नसे.

५/ नेम हवा असेल तर गोळीला स्वतःभोवती फिरवावे लागते. त्यासाठी नळीच्या आत पेचदार खाचा पाडतात. अशी बंदूक म्हणजे रायफल. परंतु गोळीने खाचा पकडायच्या तर ती घट्ट बसली पाहिजे, आणि काजळी धरलेल्या नळीत घट्ट गोळी उतरवणे हेच तर कठीण. वंगणाची निकड येथून सुरू होते.

६/ यावरचा जुना आणि जगभर रुळलेला उपाय म्हणजे चिंधी. तागाच्या किंवा सुती कापडाची लहान चकती स्निग्ध पदार्थात भिजवून नळीच्या तोंडावर ठेवायची, तिच्यावर गोळी ठेवून दोन्ही गजाने खाली ठासायची. कापड खाचांत दबते आणि गोळीला फिरवते, तर स्निग्धपणामुळे आधीची काजळी मऊ होऊन पुसली जाते. वंगणाचे खरे काम हेच : काजळी कडक होऊ न देणे.

७/ कोणता स्निग्ध पदार्थ वापरायचा हे त्या त्या प्रदेशावर ठरे. अमेरिकेतील सरहद्दीवरचे शिकारी अस्वलाची किंवा हरणाची चरबी वापरत. काहीच हाताशी नसेल तर चिंधी थुंकीने ओली करून भागवत. ब्रिटिश फौजेच्या बेकर रायफलीच्या दस्त्यात चिंध्या ठेवण्यासाठी पितळी झाकणाची खास डबीच बसवलेली होती.

८/ आता हिंदुस्थानकडे वळू. बंगाल फौजेतील काही निवडक तुकड्यांजवळ एनफिल्डच्या आधीपासूनच दोन खाचांची ब्रन्सविक रायफल होती. तिच्या गोळीच्या चिंधीला मेण आणि तेल यांचे मिश्रण लावीत. त्यावर कोणी हरकत घेतल्याचा बोभाटा झाला नाही. म्हणजे प्राणिज चरबीवाचून चालणारे वंगण कंपनीच्याच फौजेत रुळलेले होते.

९/ वंगणाइतकीच महत्त्वाची होती सफाई. काजळीतील क्षार तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. म्हणून बार झाल्यावर प्रथम पाणी, तेही शक्यतो कढत. कढत पाण्याने नळी तापते आणि लगेच कोरडी होते. मग गजाच्या टोकाला चिंधी किंवा तागाचा पुंजका गुंडाळून नळी पुसायची आणि शेवटी तेलाचा पातळ हात द्यायचा. जवसासारखे सुकून चिकटणारे तेल यासाठी कुचकामी. टोपीच्या बंदुका आल्यावर टोपीतील रसायनाचेही गंज चढवणारे क्षार मागे राहू लागले, त्यामुळे धुणे अधिकच निकडीचे झाले.

१०/ १८५३ साली तयार झालेल्या एनफिल्ड रायफलीने चिंधी रद्द केली. तिची नळी ०.५७७ इंचाची आणि गोळी लांबट, बुडाशी पोकळ. ती सहज आत सरके आणि बार होताच बुडाशी फुगून खाचा पकडे. चिंधीचे काम आता काडतुसाचा कागदच करू लागला. म्हणून वंगण कागदाला लागले.

११/ काडतूस (हा शब्द मराठीत पोर्तुगिजांकडून आला) म्हणजे कागदाची नळकांडी. एका टोकाला दारू आणि दुसऱ्या टोकाला गोळी. शिपायाने दारूकडचे टोक दातांनी फाडायचे, दारू नळीत ओतायची, काडतूस उलटे करून गोळीकडचा वंगण लावलेला भाग नळीत घालायचा आणि उरलेला कागद तोडून टाकायचा. दात लागे ते टोक वेगळे आणि वंगणाचे वेगळे, हे खरे. परंतु उन्हाळ्यात वितळणारी चरबी एका टोकाशीच थांबून राहील, असे शिपायाने का मानावे?

१२/ धोक्याची सूचना वेळेवर मिळाली होती. १८५३ साली वंगण लावलेली काडतुसे हवामानाच्या चाचणीसाठी हिंदुस्थानात आली, तेव्हा सरसेनापती सर विल्यम गॉम यांच्या वतीने ॲडजुटंट जनरल कर्नल हेन्री टकर यांनी त्याच वर्षीच्या डिसेंबरात लिहून कळवले की, वंगण धर्मभावनेला बाधक नाही याची खात्री होईपर्यंत ही काडतुसे देशी पलटणींना देऊ नयेत. तो कागद दप्तरातच राहिला.

१३/ चाचणी मात्र पार पडली. कलकत्ता, कानपूर आणि रंगून येथे पहाऱ्यावरच्या शिपायांच्या पेटाऱ्यांत ही काडतुसे ठेवून पाहिली गेली. तपासले काय, तर उष्म्याने वंगण टिकते की नाही. ते कशाचे आहे, हा प्रश्न त्या चाचणीत नव्हताच.

१४/ पुढे हिंदुस्थानातील कारखान्यांत काडतुसे बनू लागली तेव्हा चरबीचा पुरवठा कंत्राटदाराकडून होई. ती कोणत्या जनावराची असावी, अशी अट कंत्राटात घातलेली नव्हती. म्हणून गाईची चरबी त्यात होतीच असे सिद्ध करणे कठीण आणि नव्हतीच असे शपथेवर सांगणे सरकारला अशक्य. या दुसऱ्या अर्ध्या भागानेच पुढे घात केला.

१५/ जानेवारी १८५७मध्ये कलकत्त्याजवळच्या डमडम येथे ही वार्ता फुटली. पाणी पिण्यासाठी लोटा मागणाऱ्या एका खलाशाला ब्राह्मण शिपायाने नकार दिला, तेव्हा त्याने काडतुसातील चरबीचा टोमणा मारला, अशी हकीकत लेफ्टनंट राइट यांनी २२ जानेवारीला वरिष्ठांना कळवली. शिपायांनी तेथेच उपायही सुचवला होता : मेण आणि तेल.

१६/ बराकपूरचे जनरल हिअर्सी यांनी ही मागणी उचलून धरली आणि २७ जानेवारीला सरकारने ती मान्य केली : काडतुसे कोरडी द्यावीत, वंगण शिपायांनी बाजारातून आणून स्वतः लावावे. त्यावर ॲडजुटंट जनरलच्या कचेरीने शंका काढली की, काही देशी तुकड्या बकऱ्याची चरबी आणि मेण आधीपासून वापरतात, मग या हुकुमाने त्यांच्याच मनात नसता संशय येणार नाही काय? अखेर तेही वंगण चालू ठेवण्यास मुभा मिळाली.

१७/ पण संशय पुढे सरकला होता. आता कागदाच्या चकाकीवर बोट आले. सरकारने कागदाची रासायनिक तपासणी करवली. त्यात चरबी सापडली नाही. तरीही २६ फेब्रुवारीला बहरामपूर येथे १९व्या पलटणीने काडतुसांच्या टोप्या घेण्यास नकार दिला. मार्चमध्ये दाताऐवजी हाताने कागद फाडण्याची मुभा मिळाली. २९ मार्चला मंगल पांडे यांनी बराकपुरात हत्यार उचलले.

१८/ २४ एप्रिलला मेरठ येथे तिसऱ्या घोडदळाच्या ९० पैकी ८५ स्वारांनी काडतुसे नाकारली. ती एनफिल्डची नव्हती. जुन्याच नमुन्याची आणि बिनवंगणाची होती. ९ मे रोजी त्या स्वारांना भर संचलनात बेड्या ठोकल्या गेल्या आणि १० मे रोजी मेरठ पेटले. वंगणच नसलेल्या काडतुसावरून हे घडले, ही गोष्ट फार बोलकी आहे.

१९/ उठावाची कारणे अनेक : खालसा झालेली अवध, भत्ते, १८५६चा समुद्रपार नोकरीचा नियम, जमिनीचे प्रश्न. वंगण हे त्यांतले एकच. परंतु त्यात सरकारचा सारा स्वभाव उमटला. मेण-तेलाचा पर्याय ठाऊक होता, वापरात होता, स्वस्त होता. १८५३ साली तो निवडला असता तर तो केवळ एक तांत्रिक निर्णय ठरला असता. १८५७ साली तोच पर्याय देऊ केला तेव्हा शिपायांना त्यात कबुलीजबाब दिसला.

२०/ या काडतुसांची हकीकत मराठीतही आली आहे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे त्याच वर्षी उत्तरेकडे निघाले होते. १९०७ साली छापल्या गेलेल्या त्यांच्या 'माझा प्रवास' या पुस्तकात बंडाच्या वार्तेबरोबर काडतुसांचा प्रवादही आहे. तो वाचताना सरकारी चौकशीचे कागद शेजारी ठेवावेत. एका बाजूला चरबीच्या प्रमाणाची चर्चा चालली आहे, दुसऱ्या बाजूला धर्म बुडण्याची. आणि दोन्हीकडचे लोक एकाच वस्तूविषयी बोलत आहेत.